चराकाठचं कुंपण

सोमवार, ९ सप्टेंबर

सव्वाआठला शाळेच्या दारात उभी राहिले. पाऊण तासात एकशे बारा गाड्या मोजल्या. एकाही आईबापाने चुकीच्या बाजूने पोर उतरवलं नाही. म्हणजे सहा वर्षांपूर्वी मी आखून दिलेली गाड्यांची वळणवाट अजून चालते आहे! बरं वाटलं, का खोटं लिहू.

मान्यतेसाठी शाळा तपासणाऱ्या पथकात आम्ही पाच जण. चौघं वर्गात बसून शिकवणं तपासणार आणि मी बाहेर. इमारती कुठे, वाटा कुठे, मैदान, झाडं, फाटकं, झोके, सावली — सगळ्याला एक ते चार गुण. आमचा प्रमुख आन्सेल्म गेंटचा आहे. दर शाळेत तोच विनोद: "योरीन, तुझं बरंय. मैदान उलट उत्तर देत नाही." दर वेळी हसते, आजही हसले.

मुख्याध्यापिका नवीन, फिनोला ड्युगन, आयर्लंडच्या. बोलणं गोड, कारभार चोख. देखभालीचा माणूस मात्र तोच, सायब्रेन. बासष्टचा झालाय, उजव्या खुब्यामुळे लंगडतो. मी गेले तेव्हा लांब दांड्याचं दाताळं घेऊन मैदानाच्या कडेच्या पाण्याच्या चराकडे निघाला होता. "सोमवार ना बाई. सोमवारी साय काढतो." चराच्या पाण्यावर बारीक हिरव्या पानांची दाट साय धरते, ती. म्हटलं, राहू द्या हो, चर काय पळून जातोय? आधी मला मैदान दाखवा. त्याने दाताळं भिंतीला टेकवलं आणि माझ्यामागे आला.

फुटबॉलच्या मैदानावर रानहंसांनी नुसता उच्छाद मांडलाय. पाय ठेवायला जागा नाही. सायब्रेन म्हणाला, "ढोल वाजवून बघितला, कुत्रं आणून बघितलं. आता ते मला ओळखतात. मी दिसलो की जवळ येतात." तीन गुण. हंसांचा एक कापला.

जेवायला पाव, चीज आणि ताक. फिनोलाबाईंनी ताकाचा पेला हळूच बाजूला सारला.

मंगळवार, १०

दिवसभर मोजणीचं चाक फिरवत होते. बालवर्गाच्या दारापासून स्वच्छतागृहापर्यंत एकोणीस मीटर, छान. झोक्यांखालचं रबर दोन ठिकाणी झिजलंय. व्यायामशाळेमागचा कोपरा अजूनही कोणाच्या नजरेत येत नाही, मोठी पोरं तिथे चोरून फुंकतात. सायब्रेन म्हणतो, "दिसत नाहीत, पण वास येतो." त्या कोपऱ्याला दोन.

तीनच्या सुमाराला चराशी एक बाई कोणाची तरी वाट बघत उभी होती. रुबा हद्दादीन. जॉर्डनची, नवरा हेगला दुभाषी आहे. ऑगस्टात आलेत. मुलगी ताला बालवर्गात, साडेचार वर्षांची. आईचं बोट धरून एका पायावर उड्या मारत होती.

"इथे कुंपण नाही?" रुबाने विचारलं.

"नाही."

"का?"

बाहेरून आलेल्या आया हे नेहमी विचारतात. म्हटलं, अहो, सगळा देशच असा आहे. पाण्याला कुंपण घालायचं ठरवलं तर आम्हालाच पिंजऱ्यात राहावं लागेल. आमची पोरं चालायला लागतात न लागतात तोच पोहतात.

"माझी चालते," ती म्हणाली. "पोहत नाही."

"शिकेल की. सगळी शिकतात."

"हे पाणी आहे हेच तिला पटत नाही. गालिचा आहे म्हणते."

मी हसले. सायब्रेन हसला नाही, हातातल्या किल्ल्या चाळवत राहिला. रुबा चराकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर ठीक असेल," आणि मुलीला घेऊन गेली.

काय एकेक काळज्या असतात लोकांना! आमच्या पप्पांनी माझ्या कमरेला दोर बांधून मला घरामागच्या चरात सोडलं होतं. पाच वर्षांची होते. सातव्या वर्षी पोहण्याचा दाखला घेतला. अंगात कपडे, पायात बूट, तसंच पाण्यात उडी, आणि पाण्याखाली ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे. काठावर रडत बसेल त्याची सगळा गाव टर उडवायचा. माझी लेक इनेकेही तशीच शिकली. या देशात दाखला नसलेलं पोर आणि चाक नसलेली सायकल सारखीच. हे जरा उर्मटपणाचं झालं, पण राहू दे.

बुधवार, ११

पाऊस. छत्री उलटी झाली. चराला चार गुण दिले. काठचे विलो फार सुंदर छाटलेत.

गुरुवार, १२

जसं घडलं तसं लिहिते.

सव्वाबाराला आम्ही पाचही जण वरच्या खोलीत पाव खात होतो. आन्सेल्म उद्याच्या समारोपाची वाक्यं वाचून दाखवत होता. खाली बालवर्ग खेळत होता, त्यांचा कलकलाट खिडकीतून येत होता. तो एकदम थांबला. आधी काही कळलं नाही. मग जिन्यात फिनोलाबाईंचे धावणारे पाय ऐकू आले.

ताला चरात पडली होती.

बावीस पोरं, दोन शिक्षिका. त्यातली एक कॅनडाहून याच महिन्यात आलेली. ती ओट्यावर उभी होती. तिथून सगळं मैदान दिसतं, नजरेला काही आडवं येत नाही. तिने तालाला जाताना पाहिलंसुद्धा. तिला वाटलं, मुलगी हिरवळीवर चालली आहे. तिने वळून एका पोराचं नाक पुसलं. परत बघते तर ताला नाही, आणि हिरवळ जशीच्या तशी. साय पुन्हा मिटून गेली होती.

सायब्रेन सायकलींच्या छपराखाली होता. त्याला पोरांचं वागणं काही वेगळं दिसलं, म्हणून आला. चष्म्यासकट उडी मारली. पाणी त्याच्या छातीपर्यंतच आहे, पण खाली गुडघाभर गाळ. दोन बुड्या वाया गेल्या. तिसऱ्या वेळी हाताला फ्रॉक लागला.

श्वास चालत नव्हता. शाळेच्या नर्सने छाती दाबून दाबून परत आणला. हेलिकॉप्टर फुटबॉलच्या मैदानावर उतरलं. पाण्यात किती वेळ होती? कोणी चार मिनिटं म्हणतं, कोणी सात.

रुबा आली तेव्हा मी जिन्यात होते. तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला चिकटून तिला वाट दिली.

शुक्रवार, १३

शुद्धीवर नाही. यंत्रावर श्वास. आमची भेट अर्धवट थांबवली, समारोप झाला नाही. घरी आले. बूट तसेच चिखलाचे.

रविवार, १५

इनेकेचा फोन. "आई, तुझा काय संबंध? तू तर मोजायला गेली होतीस." मी हो म्हटलं. संबंध नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर कपाट आवरायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं.

सोमवार, १६

शाळेत बैठक होती. फिनोलाबाई, शाळेचा वकील, आन्सेल्म आणि मी. बाईंनी देखभालीची वही उघडून पुढे ठेवली. चराची साय दर सोमवारी काढायची, काढली की सही करायची. दोन वर्षांत एक सोमवार चुकलेला नाही. ९ सप्टेंबरचा रकाना कोरा.

"साय काढलेली असती तर पाणी पाण्यासारखं दिसलं असतं," वकील म्हणाला. "मूल थबकलं असतं. शिक्षिकेलाही कळलं असतं."

खरंच आहे.

"सायब्रेन काय म्हणतो?" मी विचारलं.

"काही नाही. 'राहिलं' म्हणाला." फिनोलाबाईंनी डोळे मिटून घेतले. गेले चार दिवस त्या झोपल्या नसाव्यात. "चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसायला सांगितलंय. काय करू? त्या आईला काहीतरी उत्तर द्यायला हवं."

तो सोमवार का राहिला, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं, आणि त्यात कॉफी ओतली. थंड झाली होती तरी सगळी प्यायले. ज्याने पोर बाहेर काढलं त्याच्यावरच खापर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर टेबलाशी बसून वहीची पानं बघतोय!

घरी येऊन सहा वर्षांपूर्वीचा अहवाल शोधला. का शोधला माहीत नाही. काय सापडणार ते आतून कळलं असावं. पान चौदा, माझीच भाषा:

"चराकाठचं लाकडी कुंपण काढून टाकावं. त्याने मैदान कोंदट दिसतं आणि देखरेख करणाऱ्याची नजर अडते. मुलं पाण्याचा मान राखायला पाण्याकाठीच शिकतात."

तिथे कुंपण होतं. कमरेएवढं, जाळी मारलेलं. मी साफ विसरले होते! मंगळवारी त्या बाईला 'नाही' म्हणून सांगताना मला एकदाही आठवलं नाही, की ते होतं आणि मी काढायला लावलं.

शेवटच्या वाक्याचं तेव्हा कौतुक झालं होतं. आन्सेल्मने ते एका परिषदेत वाचून दाखवलं होतं.

मंगळवार, १७

आन्सेल्मला फोन करून दोन्ही सांगितलं, कुंपण आणि सोमवार.

"तू शिफारस केलीस," तो म्हणाला. "हुकूम नाही. शाळेने ऐकलं, ती शाळेची बाब."

"आणि सोमवार?"

"तू त्याला दोरीने बांधून नेलंस का? मोठा माणूस आहे. नाही म्हणू शकला असता."

"आपल्याला कोण नाही म्हणतं, आन्सेल्म? शाळांचं मान्यतापत्र आपल्या हातात असतं."

"हे बघ, तू भली आहेस म्हणून सांगतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुझी. आता गप्प बसायचं आणि वकिलांना बोलू द्यायचं. तू बोललीस म्हणून ती पोर लवकर उठणार आहे का?"

वाईट माणूस नाही तो. माझा नवरा गेला तेव्हा तीन आठवडे रोज येऊन बसायचा. आणि त्याचं म्हणणं मला पटावंसं वाटतंय, हीच भीती आहे. नियमात कुंपणाची सक्ती तेव्हा नव्हती. माझ्या ओळखीतल्या दहा शाळांच्या काठी उघडे चर आहेत. कोणीही इथल्या माणसाने तेच लिहिलं असतं. बरोबर — कोणीही इथला. आणि त्या शाळेतली पोरं कुठली आहेत? तीसेक देशांतली. निम्म्यांनी आयुष्यात पाण्याचा चर पाहिलेला नाही. हे मला सहा वर्षांपूर्वी माहीत नव्हतं का? माहीत होतं. त्याच अहवालाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलंय.

बुधवार, १८

यंत्र काढलं. डोळे उघडले म्हणे. आईकडे बघत नाही.

गुरुवार, १९

सायब्रेनच्या घरी गेले. सायकलने चौदा किलोमीटर, सगळी वाट वारा तोंडावर. तो मागच्या अंगणात मटार सोलत बसला होता. मला बघून उठला, लंगडत खुर्ची आणली. त्याच्या बायकोने, आल्त्येने, कॉफी दिली. कॉफीबरोबर एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद करून घेऊन गेली.

म्हटलं, "सोमवारी मीच तुम्हाला नेलं. ते सांगितलं का नाही?"

"दाताळं माझ्या हातात होतं, बाई. दुपारी करता आलं असतं, मंगळवारी करता आलं असतं. तुमच्यामागे हिंडताना वाटलं, शुक्रवारी बाई गेल्या की करू."

"कुंपण तुम्हीच घातलं होतंत ना?"

"हो. दोन दिवसांत घातलं होतं. काढायला चार लागले. खांब खोल पुरलेले." शेंगा सोलत तो सांगत होता. "तेव्हा बोललो होतो तुम्हाला. बाहेरची लेकरं आहेत म्हटलं, त्यांना सवय नाही. तुम्ही म्हणालात, सवय व्हावी म्हणूनच काढायचं. मला वाटलं, शिकलेल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल."

मला हे आठवत नाही. अजिबात नाही. तो कुठे उभा होता, काय म्हणाला, काहीच नाही. तसं त्याला सांगितलं.

"आठवायला आधी ऐकावं लागतं," आल्त्ये स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आल्त्ये," तो म्हणाला.

"काय आल्त्ये? एकतीस वर्षं त्या शाळेत घासलीस. शाळेचं दिवाळं वाजलं तरी तू म्हणशील, राहिलं माझं." ती दारात आली. "बाई, तो रोज पहाटे उठून हात धुतो. गाळ जात नाही म्हणतो. हात स्वच्छ आहेत त्याचे. तुम्हीच बघा."

त्याने हात मटारच्या भांड्यात घातले. मी बघितले नाहीत.

निघताना तो सायकलपर्यंत आला. "लेकराने आज पाणी गिळलं," म्हणाला. "नर्सने कळवलं मला." मी इतकी रडले की त्यालाच मला धरावं लागलं. त्याला! लाज वाटते.

शुक्रवार, २०

सकाळी नऊला लिहायला बसले, साडेनऊला पत्र तयार. इतके दिवस जे जमत नव्हतं त्याला अर्धा तास लागला. फिनोलाबाईंना एक प्रत, आन्सेल्मला एक, वकिलाला एक. कुंपण माझ्या सांगण्यावरून निघालं, सायब्रेनने तेव्हा विरोध केला होता, ९ तारखेला त्याला साय काढण्यापासून मी अडवलं, आणि चराला दिलेले चार गुण मी मागे घेते. तपासनीस म्हणून राजीनामा सोबत.

दुपारी फिनोलाबाईंचा फोन. "तुम्ही हे बैठकीतच सांगायला हवं होतं." हो, म्हटलं. "मी त्या माणसाला घरी पाठवलं. पोरं त्याच्यासाठी चित्रं काढून आणत होती आणि मी त्याला मागच्या दाराने घरी पाठवलं." सोमवारी त्या स्वतः त्याच्या घरी जाणार आहेत.

आन्सेल्मचा फोन नाही.

रविवार, २२

शाळेला सांगून झालं. रुबाला नाही. वकिलाने बजावलंय, कुटुंबाशी परस्पर बोलायचं नाही. किती सोयीचा सल्ला! पत्र लिहावं का? तीन कागद फाडले. तिला सगळ्याचं मूळ सांगायचं तर समोर जाऊनच सांगितलं पाहिजे, तिने काय फेकून मारायचं ते मारावं. तिला माझं नावही माहीत नसेल. चराशी हसलेली एक इथली बाई, एवढीच ओळख. ती ओळख तशीच राहावी असं मला वाटतंय, हेही लिहून ठेवते. भित्री आहे मी. साठीला हे कळलं.

सोमवार, २३

गेले नाही. पाऊस होता म्हणून. पाऊस होता म्हणून या देशात कोणी कुठे जायचं थांबलंय का?

मंगळवार, २४

गेले. इस्पितळात ताला उशांना टेकून बसली होती. रुबा तिला दही भरवत होती, निम्मं ओघळत होतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रुबाने चमचा खाली ठेवला नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "अम्मानला होतो तेव्हाच वाचलं होतं. शाळेने तुमचा अहवाल पाठवला होता, खाली तुमचं नाव. तीन शाळांतून एक निवडायची होती. पाण्याचे फोटो बघून मी या शाळेला नाही म्हटलं होतं. मग मुलं पाण्याकाठीच शिकतात हे तुमचं वाचलं, आणि हो म्हटलं."

त्या दिवशी चराशी ती माझ्यासाठीच थांबली होती. लिहिलंय ते खरं ना, एवढंच विचारायला.